चालती तोफ : तिची रचना आणि करामत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही वडीलधाऱ्यांनी विचारले की शाळेच्या व्यासपीठावर तोफेचे काय काम? प्रश्न रास्त आहे. तोफ ही माणसे मारण्याची वस्तू आहे आणि तिचे गोडवे गाण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकांतील गणित आणि पदार्थविज्ञान जितके या एका यंत्रात एकवटले आहे तितके फार थोड्या यंत्रांत सापडेल. शिवाय हे यंत्र आज आपल्या देशात तयार होते आणि त्याचे सुटे भाग महाराष्ट्रातल्या कारखान्यांतूनही जातात. तेथे काम करणारी माणसे कुठल्या तरी शाळेतूनच गेलेली असतात. ती आपल्या शाळेतूनही जाऊ शकतात, हे मनात धरूनच मी हा विषय घेतला.

आधी शब्दाकडे पाहा. 'तोफ' हा शब्द तुर्कीतून आला. 'गोलंदाज' फारसीतून आला. गोळा फेकणारा तो गोलंदाज. आपली मुले दिवसभर मैदानावर ज्या गोलंदाजाचे नाव घेतात तो मूळचा तोफखान्यातला माणूस आहे. आपल्यातील काही घराण्यांचे आडनावच गोलंदाज आहे. अहमदनगर शहरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, तोफखाना नावाचा मोहल्ला आहे. तो उगीच नाही. याच अहमदनगरात १५४९ साली मुहंमद रूमी या कारागिराने बुऱ्हाण निजामशहासाठी एक तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान. काशाच्या जातीच्या मिश्रधातूची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. विजापूरच्या बुरुजावर ती आजही आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी तिच्या तोंडावर कोरलेला सिंहमुखी जबडा पाहिला असेल.

या तोफेचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. नळीचे तोंड सुमारे ७० सेंटिमीटर, लांबी सुमारे साडेचार मीटर. आता यातला एक आकडा लक्षात ठेवा. लांबीला तोंडाच्या व्यासाने भागले तर उत्तर साडेसहाच्या आत येते. म्हणजे तोफ जाड, पण आखूड. आणि ५५ टनांचे हे धूड बुरुजावर चढवायचे म्हणजे बैल, हत्ती आणि शेकडो माणसे. शत्रू बुरुजासमोर आला तर ती कामाची. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूने आला की मैदानाचा हा मालिक जागच्या जागी बसून राहणार.

तोफखान्याची पुढची चारशे वर्षे याच एका अडचणीशी झगडण्यात गेली. मारा करणारी वस्तू जड असते आणि जड वस्तू हलत नाही. बैल गेले, घोडे आले. घोडे गेले, ट्रॅक्टर आणि ट्रक आले. तोफ मागे बांधून ओढायची, जागेवर पोचल्यावर सोडायची, तिचे पाय पसरायचे, ते जमिनीत रोवायचे आणि मग गोळा मारायचा. निघताना हेच सारे उलट्या क्रमाने. पहिल्या महायुद्धात १९१७ साली इंग्रजांनी तोफ वाहून नेणारी पट्ट्यांची गाडी करून पाहिली. खरी चालती तोफ रणांगणावर ठसली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या ऑक्टोबरात अल अलामीनच्या वाळवंटात अमेरिकन बनावटीच्या, रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या तोफा इंग्रजी फौजेने वापरल्या. तिच्यावरचा गोल कठडा चर्चमधील प्रवचनाच्या चौथऱ्यासारखा दिसे म्हणून शिपायांनी तिला 'प्रीस्ट' म्हटले. पुढे इंग्रजांनी अशा तोफांना पाद्र्यांची नावे देण्याची परंपराच पाडली. त्यातली 'ॲबट' नावाची १०५ मिलिमीटरची तोफ आपल्या लष्करातही होती. प्राणघातक यंत्राला धर्मगुरूचे नाव का द्यावे हे मला कधी उमगले नाही. असो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वरून घुमट आणि खालून पट्टे पाहिले की लोक तिला रणगाडा म्हणतात. दोघांचे काम निराळे आहे. रणगाडा समोर दिसणाऱ्या वस्तूवर थेट गोळी झाडल्यासारखा मारा करतो. चालती तोफ जे मारते ते तिला दिसतच नाही. ते डोंगरापलीकडे, तीस-चाळीस किलोमीटरवर असते. डोळ्याची जागा तेथे गणिताने घेतलेली असते. त्यामुळे तिचे चिलखत रणगाड्याइतके जाड नसते. जड मशीनगनच्या गोळ्या आणि आसपास फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे अडले म्हणजे पुरे, असा हिशेब असतो.

आता कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे उदाहरण घेऊ. आपल्या प्रत्येक समारंभात त्यांचे नाव निघते आणि टाळ्या पडतात. आज आपण त्यांच्या तोफेकडे पाहू. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात त्यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, त्यांना तेथेच वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एवढी मोठी तोफ साध्या जीपवर कशी बसली? कारण ती 'रिकॉइललेस' होती. गोळा पुढे जाताना दारूचा वायू तिच्या मागच्या तोंडातून तितक्याच जोराने बाहेर पडतो, त्यामुळे जीपला धक्का बसत नाही. पण त्यामुळेच पल्ला कमी आणि मागे उठणारा धुळीचा लोट शत्रूला जागा सांगणारा. म्हणून मारायचे आणि जागा बदलायची, पुन्हा मारायचे आणि पुन्हा बदलायची. हमीद यांनी उसाच्या शेतांच्या आडोशाने हेच केले. चालत्या तोफेचे सारे शास्त्र याच एका चालीत आहे. फरक इतकाच की लांब पल्ल्याच्या तोफेचा वायू मागे सोडून देता येत नाही. तो सगळा गोळ्यामागे लावावा लागतो, आणि मग धक्का सोसायला जीप पुरत नाही.

आपल्या लष्कराने हा धक्का सोसण्यासाठी विजयंता रणगाड्याचा सांगाडा लांब करून त्यावर रशियन बनावटीची १३० मिलिमीटरची तोफ बसवली. तिचे नाव कॅटापल्ट, म्हणजे गोफण. १९८६ मध्ये करार झालेल्या स्वीडनच्या बोफोर्स तोफेला स्वतःचे छोटे इंजिन होते. तेवढ्यावर ती थोडे अंतर आपली आपण सरकू शके, लांब जायचे तर ओढूनच न्यावी लागे. १९९९ मध्ये कारगिलला तिने जे काम केले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर मात्र नव्या तोफा घेण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. २०१७ मध्ये शंभर चालत्या तोफांचा करार झाला. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, जेथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे तेथे, तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारमण यांच्या उपस्थितीत ही तोफ लष्करात रीतसर दाखल झाली. तिचे भारतीय नाव के-९ वज्र.

ही तोफ मूळची दक्षिण कोरियाची. कोरियाने आधी अमेरिकन नमुन्याची चालती तोफ परवान्यावर आपल्या कारखान्यात जोडायला घेतली. जोडता जोडता, दुरुस्त करता करता शिकले. १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच्या तोफेचे काम हाती घेतले आणि १९९९ मध्ये ती त्यांच्या सैन्यात दाखलही झाली. पुढे तुर्कस्तानने याच तोफेवरून स्वतःची 'फिर्तिना' म्हणजे वादळ नावाची तोफ केली. आमच्या अहमदनगरला तोफ ओतायला आलेला उस्ताद रूमी म्हणवला जात होता, म्हणजे तुर्की मुलखाचा. आज तुर्क आणि आपण दोघेही कोरियाच्या वर्गात एका बाकावर बसलो आहोत. विद्या कुणाच्या घरची मिरास नसते, हे याहून चांगले मला सांगता येणार नाही.

आता यंत्र उघडून पाहू. नळीचे तोंड १५५ मिलिमीटर आणि लांबी तोंडाच्या ५२ पट. मुलांनो, गुणाकार करा : ८,०६० मिलिमीटर, म्हणजे आठ मीटरांहून थोडी जास्त. मलिक-ए-मैदानचा साडेसहाच्या आतला आकडा आठवा आणि हा ५२ पाहा. नळी लांब असेल तर दारूच्या वायूला गोळा ढकलायला जास्त अंतर मिळते, म्हणून वेग वाढतो. त्या वायूचा दाब इतका असतो की साधी पोलादी नळी फुटून जाईल. त्यावरचा उपाय आपल्या सुतार-लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आवळते आणि चाकाला घट्ट धरून ठेवते. जुन्या काळी तोफेच्या नळीवर अशाच पोलादी धावा चढवीत. हल्ली नळीच्या आत प्रचंड दाब देऊन आतला थर किंचित ताणतात, मग बाहेरचा थर त्याला कायमचा आवळून धरतो. युक्ती नवी, तत्त्व धावेचेच.

गोळ्याचे वजन सुमारे ४५ किलो. तोंडातून सुटताना वेग सेकंदाला ९०० मीटरांहून थोडा अधिक; आपण हिशेबाला ९०० धरू. गोळ्याचा नळीतला प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. गाडीचे वजन मूळ कोरियन नमुन्यात ४७ टन आहे. आपल्या वज्राचे ५० टनांच्या आसपास, तेव्हा ५० टनच घेऊ. आता फळ्यावर पाहा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. दोन्हीकडचा 'भागिले दोन' सोडून देऊ. ४५ गुणिले ९०० चा वर्ग बरोबर ३,६४,५०,०००. आणि ५०,००० गुणिले २७ चा वर्ग? तेही ३,६४,५०,०००. म्हणजे सुटणाऱ्या गोळ्यात जितकी ऊर्जा आहे तितकी ५० टनांची ही अख्खी गाडी सेकंदाला २७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर वेगाने धावली तर तिच्यात येईल. आणि ही गाडी तितक्या वेगाने धावूच शकत नाही; तिचा कमाल वेग ताशी ६७ किलोमीटर.

मग गोळा सुटला की गाडी मागे उडून का जात नाही? येथे बरेच विद्यार्थी गोंधळतात, कारण ते ऊर्जा आणि संवेग एकच समजतात. धक्का वाटला जातो तो संवेगाने, आणि संवेगात वेगाचा वर्ग नसतो, नुसता वेग असतो. ४५ गुणिले ९०० म्हणजे ४०,५००. त्याला ५०,००० ने भागा : सेकंदाला ०.८१ मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटरही नाही. एखादा म्हातारा माणूस काठी टेकत चालतो तो वेग. गोळ्यामागून सुटणाऱ्या वायूचा धक्का धरला तर थोडा अधिक. हलकी गाडी असती तर उलटली असती. वजन येथे ओझे नसून उपयोग आहे. तरीही हा धक्का एकदम बसला तर आतली नाजूक यंत्रे ढिली होतील. म्हणून नळी गाडीला घट्ट जखडलेली नसते. ती तेल आणि दाबलेल्या वायूच्या नळकांड्यांवर मागे सरकते आणि पुन्हा जागेवर येते. कडक चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे ओढतो ना, अगदी तसे. हात ताठ ठेवला तर बोट मोडते.

चाकांऐवजी पट्टे का, हे काळ्या मातीच्या मुलखातल्या माणसाला शिकवायला नको. चिखलात गाडी रुतली की आपण चाकाखाली फळी टाकतो. पट्टा म्हणजे गाडीने स्वतःच पुढे टाकलेली आणि मागून उचललेली न संपणारी फळी. आतील डिझेल इंजिन १,००० अश्वशक्तीचे, म्हणजे शेतावरचे वीस चांगले ट्रॅक्टर. पट्ट्याच्या प्रत्येक चाकामागे लोखंडी स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूचा दट्ट्या आहे. त्यामुळे जमिनीत पाय न रोवताही तोफ गोळा मारू शकते, आणि सारा वेळ वाचतो तो येथे.

हा वेळ कशासाठी वाचवायचा? कारण आता गोळा मारणाऱ्याचा पत्ता लपत नाही. शत्रूचे रडार आकाशातल्या गोळ्याच्या मार्गाचा थोडासा भाग पाहते आणि त्यावरून संपूर्ण वक्र काढून तो मागे मागे नेत कोठून सुटला ते ठिकाण सांगते. आपल्याकडेही 'स्वाती' नावाचे असे देशी रडार आहे. बीजगणितात दोन-चार बिंदूंवरून आलेख पुरा करायचा धडा असतो, तोच हा. अल-ख्वारिज्मीचे नाव आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो; त्याच्या बीजगणिताचे पुस्तक मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री उघडले जाते. तर या रडारमुळे मारा केल्यावर त्याच जागी थांबणे म्हणजे मरण ओढवून घेणे. वज्र उभी असेल तर हुकूम आल्यापासून अर्ध्या मिनिटात पहिला गोळा मारते; धावत असेल तर थांबून, नेम धरून मिनिटाभरात. १५ सेकंदांत तीन गोळे. जोराचा मारा असेल तेव्हा मिनिटाला सहा ते आठ, तीन मिनिटांपर्यंत. लांबच्या गोळ्याला जमिनीवर पोचायला मिनिटाहून अधिक लागते, म्हणजे पहिला गोळा पडण्याआधी पुढचे वाटेवर असतात, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत गाडी तेथून निघालेली असते.

एक करामत तर मला फारच आवडते. तीन गोळे वेगवेगळ्या वेळी मारून एकाच क्षणी एकाच जागी पाडणे. गल्लीत चेंडू फेकणाऱ्या मुलाला हे समजते : उंच उडवलेला चेंडू उशिरा पडतो, सपाट फेकलेला लवकर. म्हणून पहिला गोळा सर्वांत उंच कमानीने, दुसरा त्याहून खालून, तिसरा आणखी खालून, प्रत्येकाला दारूचे प्रमाण निराळे. हे कोन आणि सेकंद आतील संगणक काढतो.

पल्ल्याविषयीही एक हिशेब करा. हवा नसती तर ९०० मीटर वेगाचा गोळा ४५ अंशांत मारल्यावर सुमारे ८२ किलोमीटर गेला असता. प्रत्यक्षात चांगल्या गोळ्याचा पल्ला तीस किलोमीटरच्या आसपास. उरलेले सारे हवा खाऊन टाकते. धावत्या गोळ्याच्या बुडामागे पोकळी होते आणि ती त्याला मागे खेचते. म्हणून काही गोळ्यांच्या बुडाशी मंद जळणारी दारू भरतात. तिचा धूर ती पोकळी भरून काढतो आणि पल्ला चाळीस किलोमीटरपर्यंत जातो. हा धूर गोळ्याला ढकलत नाही, फक्त मागचे ओढणे कमी करतो. परीक्षेत विचारला तर चुकणारा प्रश्न आहे हा.

आत माणसे पाच : कमांडर, चालक, गोलंदाज आणि दोन भरणारे. गोळा यंत्राने ढकलला जातो, दारूची पुडकी माणूस हाताने ठेवतो. गाडीत ४८ गोळे मावतात. मिनिटाला सहा या वेगाने ते आठ मिनिटांत संपतील. म्हणून कोरियाने तिच्या जोडीला १०४ गोळे वाहणारी, पट्ट्यावरून थेट तोफेच्या पोटात गोळे सरकवणारी निराळी गाडी केली आहे. तोफेचे नाव सगळे घेतात, या रसदगाडीचे कुणी घेत नाही. लग्नात वरमाईचे सगळे ऐकतात आणि भटारखान्याकडे कुणी पाहत नाही, त्यातलाच प्रकार.

आता दुसरी बाजू. २३ नोव्हेंबर २०१० रोजी उत्तर कोरियाने योनप्योंग या छोट्या बेटावर अचानक तोफांचा मारा केला. बेटावर दक्षिण कोरियाच्या सहा के-९ तोफा होत्या. जगातल्या उत्तम तोफांपैकी या. पण सुरुवातीला त्यातल्या तीनच उत्तर देऊ शकल्या. एकीत सरावाच्या वेळचा गोळा अडकला होता आणि इतरांची विद्युत यंत्रणा जवळ पडलेल्या गोळ्यांच्या दणक्याने बिघडली होती. पहिले उत्तर जायला सुमारे १३ मिनिटे लागली. एकूण ८० गोळे मारले गेले. बेटावर दोन सैनिक आणि दोन नागरिक मेले. हे नागरिक बांधकामावरचे मजूर होते. माहितीपत्रकातला आकडा अर्ध्या मिनिटाचा आणि प्रत्यक्षातला १३ मिनिटांचा. या दोहोंमधले अंतर तारा जोडणारा, झडप तपासणारा, रोजच्या रोज तेलपाणी पाहणारा माणूस भरून काढतो. आणि ते दोन मजूर मी मुद्दाम सांगितले. गोळ्याला पत्ता दिलेला असतो, पण त्या पत्त्यावर त्या घडीला कोण उभे आहे हे त्याला कळत नाही.

२०२२ पासून युक्रेनमधील युद्धाने आणखी एक गोष्ट दाखवली. आकाशात घिरट्या घालणारे स्वस्त ड्रोन लाख मोलाच्या तोफा शोधून फोडतात. मारून जागा बदलणाऱ्या गाडीमागे ते माशीसारखे लागतात. पन्नास टन पोलाद सर्वांपासून वाचवील असे आता कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि किंमत? डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभर वज्र तोफांचा करार झाला तो सुमारे ७,६२९ कोटी रुपयांचा. ढोबळ भागाकार केला तर एका तोफेमागे ७६ कोटी. एवढ्यात किती शाळांची प्रयोगशाळा उभी राहिली असती हा विचार माझ्याही मनात येतो, आणि सीमेवरच्या शिपायाच्या हातात जुनी तोफ असावी असेही मला म्हणवत नाही. ही ओढाताण मी सोडवू शकत नाही, तुमच्यापासून लपवतही नाही.

पहिल्या शंभर तोफा लार्सन अँड टुब्रो कंपनीने गुजरातेत सुरतेजवळच्या हाजिरा येथे जोडल्या. शंभरावी फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर पडली. कंपनीने जाहीर केलेल्या माहितीनुसार एका तोफेला १३,००० हून अधिक प्रकारचे भाग लागतात आणि ते गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडू या चार राज्यांतील कारखान्यांतून येतात. पालकहो, या आकड्याकडे जरा निवांत पाहा. तेरा हजार प्रकार म्हणजे कुठे जाड पोलादी पत्रा फट न ठेवता सांधणारा वेल्डर, कुठे घुमटाची मोठी कडी केसाइतक्या अचूकतेने कातणारा मशिनिस्ट, कुठे सांध्याचा एक्स-रे काढून आतली भेग शोधणारी तंत्रज्ञ मुलगी. यातली बरीच कामे आयटीआय आणि डिप्लोमाच्या वाटेने मिळतात. आपल्या मोहल्ल्यांत गॅरेजवर इंजिन उघडणारी, जुन्या भंगारातून यंत्र उभे करणारी पोरे थोडी नाहीत. हातात कसब आहे, कागद नाही, आणि कागद नसल्यामुळे कारखान्याच्या फाटकातून आत जाता येत नाही. दहावीला गणितात गचका खाल्ला की बाप म्हणतो, पुरे झाले, बस दुकानावर. मुलीच्या बाबतीत तर गणित सोडायला नापास होण्याचीही वाट पाहत नाहीत. मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो, एप्रिल २०२३ मध्ये भारतीय तोफखान्यात पहिल्यांदा पाच महिला अधिकारी दाखल झाल्या.

ही तोफ मागवली होती ती वाळवंटासाठी. पण २०२१ मध्ये तिला पूर्व लडाखमध्ये न्यावे लागले, आणि तेथे पुस्तकातील सारा धडा उलटा झाला. चार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. इंजिनाला श्वास अपुरा पडतो. थंडीने तेल घट्ट होते, बॅटरी मरगळते. पण हीच विरळ हवा गोळ्याला कमी अडवते, त्यामुळे तो सपाटीवरच्या कोष्टकात लिहिलेल्या जागेच्या पुढे जाऊन पडतो. म्हणजे जुने कोष्टक तेथे चालत नाही. हवेचा दाब, तापमान, वारा, दारूची उष्णता, सारे नव्याने घालून हिशेब करावा लागतो.

तो हिशेब कसा बदलेल हे आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी घरी करून पाहावे. फळ्यावरचे ४५, ९०० आणि ५०,००० चे गणित मी पुसलेले नाही. वेग ९०० ऐवजी ८०० धरा, गाडी ५० ऐवजी २० टनांची धरा, आणि धक्क्याचे उत्तर काय येते ते आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. ज्यांना आताच विचारायचे आहे त्यांच्यासाठी मी चहापर्यंत येथेच आहे.